जन्म-मृत्यू विभाग

नकाशात आमचं बेट म्हणजे
छापणाऱ्याच्या हातून उडालेला शाईचा ठिपका.
काबिलुआन. अठरा वर्षं मी इथल्या नगरपालिकेत आहे,
टेबल दोन, जन्म-मृत्यू विभाग.
खिडकीतून धक्का दिसतो;
कोण आलं, कोण गेलं,
मला वहीच्या आधीच कळतं.

लोकसंख्या तीन हजार एकशे सहा.
त्यातले सातशे परमुलखात:
कुणी जहाजाच्या पोटात इंजिनाला तेल पाजत,
कुणी दोहात दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचे पाय चेपत.
उरलेले आम्ही मासे वाळवतो, माडी काढतो,
आणि रात्री बाराला जनरेटर बंद झाला
की एकमेकांना खोकल्यावरून ओळखतो.

नोव्हेंबरातल्या वादळाने
पालिकेचं छप्पर उचललं
आणि शाळेच्या मैदानात नेऊन ठेवलं,
पालथं, घासून ठेवलेल्या ताटासारखं.
महापौर तेव्हा राजधानीत होते. ते असतातच.
कपाटात पाणी शिरलं.
सत्तर वर्षांची माणसं भिजली.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं.
बास्केटबॉलच्या कोर्टावर दोऱ्या ताणल्या,
वह्या उसवून पानन् पान टांगलं.
चिमटे लोकांनी घरून आणले,
कुणाचे लाल, कुणाचे मोडके.
पलीकडच्या दोरीवर बांगडे.
दुपारपर्यंत वास एकच झाला.

मग लोक येऊन स्वतःला शोधू लागले.
पोरं ओरडत: आजोबा, तुम्ही इथे, बास्केटच्या खाली!
तेओफिलोला कळलं, जन्मला तेव्हा तो मुलगी होता.
चूक माझ्याआधीच्या कारकुनाची;
बायको दोन दिवस हसत होती,
तिसऱ्या दिवशी तिने दुरुस्तीचा अर्ज आणला.

एलेउतेरिआ म्हातारीची तारीख धुऊन गेली होती.
विचारलं, कुठली घालू?
"मंगळवार घाल. मंगळवारी बोट येते."
आजी, तारीख लागते, वार नाही.
"मग तू शोध. एवढा शिकलास कशाला?"
मी अंदाजाने एक मंगळवार टाकला.
तिने अंगठा उठवला,
आणि बोटाची शाई माझ्याच बाहीला पुसली.

बासिलिसा सगळ्यांत शेवटी आली, उन्हं उतरल्यावर.
पान एकशे बारा, ओळ नऊ.
तिचा आर्नुल्फो.
होडी सापडली, तो नाही;
पाच वर्षांनी कोर्टाचा कागद आला
तेव्हा ही नोंद मीच केली होती.
कारणाच्या रकान्यात आधी 'समुद्र' लिहिलं,
मग खोडून कायद्यात बसेल असं काहीतरी.

आता तिथे नुसता निळा डाग होता,
ओहोटीनंतर खडकात राहतं तेवढं पाणी.

"वाच," ती म्हणाली.
वाचता येत नाही, मी म्हणालो.
तिने पानाला हात लावला नाही,
नुसती जवळ गेली, ताप बघतात तशी.
"मग राहू दे."

आता नियम असा, की कोरी ओळ ठेवायची नाही.
प्रांताच्या कचेरीत दुय्यम प्रत आहे,
आणि प्रत कशाला हवी, मला नोंद पाठ आहे:
क्रमांक, दिनांक, नावातला रफार.
हे तिलाही माहीत होतं.
तिने चिमटा काढला, पान उलटं केलं,
पुन्हा लावलं.
"ही बाजू ओली आहे अजून," म्हणाली,
आणि आपल्या माशांकडे गेली.

जानेवारीत नव्या वह्या आल्या, आखीव.
दिवसा अर्जदार असतात, म्हणून
मी रात्री नकलून काढतो.
एकशे अकरापर्यंत झालं.
एकशे बारा रोज काढतो;
कधी टाक धुतो, कधी कॉफी करतो,
पहिल्या ओळीतलं अक्षर पटत नाही, पान फाडतो.

आठवी ओळ संपते
आणि बरोबर बारा वाजतात.