किल्ली

एप्रिल लागला की गोकुळपेठेपासून खामल्यापर्यंत
माझा फोन थांबत नाही.
"पंप पाणी फेकत नाही जी."
"ताट्या बदलून द्या." "मोटर घरघर करून राहिली."
आणि यंदा प्रत्येक घरी, पैसे मोजता मोजता,
"डेकाटे भाऊ, कसं आहे हो तिकडं?"

तीन महिने लिंझला राहून आलो, प्रणोतीकडे.
लोकांना बर्फाचं ऐकायचं असतं.
मी बर्फाचं सांगतो. दोन मिनिटांत संपतं.
बाकीचं इतकं बारीक
की स्क्रूसारखं बोटांतून सुटतं, कूलरच्या टाकीत पडतं.

म्हणजे हे, की रात्री अकराला
रिकाम्या रस्त्यावर, लांबपर्यंत एक गाडी नसताना,
एक माणूस लाल दिव्यापाशी उभा होता, कुत्र्यासकट.
मीही थांबलो.
तिघंही हिरव्याची वाट बघत.
परत आल्यावर व्हरायटी चौकात तसाच थांबलो
तर मागून हॉर्न, "ओ काका, झोपले का?"
मी स्कूटर पांढऱ्या पट्ट्यावर घेतली.
मग अजून थोडी पुढे.

तिथं रविवारी रिकाम्या बाटल्याही टाकायच्या नाहीत,
काच वाजते.
पोरगी मिक्सरला टॉवेल गुंडाळून चटणी वाटते.
इथं पाचपावलीत पहाटेपासून नळाची बोंब,
दुधाच्या कॅना, आणि सहाला
भिंतीपलीकडे निनाव्यांच्या गुळण्या.
पहिला आठवडा उशी कानावर घेऊन झोपलो.
दुसऱ्यात एक दिवस गुळण्या आल्याच नाहीत,
तर मीच उठून भिंत ठोकली.

अन् हे तर कोणालाच सांगितलं नाही :
वरच्या मजल्यावर ब्रिगिटे बाई, एक्याऐंशीच्या, एकट्या.
खिडकीखालचा लोखंडी हीटर खालून गरम, वरून गार.
कंपनीचा माणूस नऊ दिवसांनी येणार होता.
मी हात लावला. आयुष्यभर उन्हाशी भांडलो,
हे थंडीशी भांडतात. यंत्र उलटं, दुखणं तेच,
हवा अडकलेली.
तिनं पितळेची एवढीशी किल्ली दिली.
अर्धा आटा फिरवला. फुस्स.
मग कपभर काळं पाणी, मग वरपर्यंत ऊब.

तिनं मला नवऱ्याच्या खुर्चीत बसवलं.
जर्दाळूचा मुरंबा, काठाला सोनेरी रेघ असलेली बशी.
बोलायला दोघांत एकही शब्द नव्हता,
आम्ही हीटरकडे बघत बसलो.

तीन महिन्यांत परक्या घरात पाऊल पडलं ते हे एकदाच.
इथं दिवसाला आठ घरांत शिरतो, थेट बेडरूमपर्यंत.
पाणी सगळीकडे मिळतं.
एक-दोन घरी स्टीलच्या वेगळ्या पेल्यात,
जो नंतर मोलकरणीच्या पेल्याशेजारी पालथा पडतो.
बसा, असं क्वचित.
कोणतं बरं, विचारू नका. गुळण्या ऐकायला मी इथंच आहे.

परवा दहा नंबरचा पाना शोधता शोधता
नौशादनं पेटीतून किल्ली काढली.
"उस्ताद, हे कायचं आहे?"
"तिकडचं. इथं कशाला लागत नाही."
त्यानं फुंकर मारली, शर्टाला पुसली,
आणि पेटीत परत ठेवली,
वरच्या कप्प्यात,
पटकन सापडेल अशी.