हॅरिस पूल, सामन्यानंतर

नव्वदाव्या मिनिटाला सॅविओच्या कानाला लागून
चेंडू आत गेला. त्याला दिसलाही नव्हता.
माझा ताशा त्या ठोक्यालाच फाटला,
मग पत्रा, बादली, एकमेकांच्या पाठी...
"पुलापलीकडं काय हाय?"
"काय न्हाय! काय न्हाय!"

दापोडी अजून मागं नाचतेय
आणि मी पुलावर,
कारण दिवाळीपासून माझी खोली बोपोडीत.
हिरवा मफलर पिशवीत, मेथीच्या जुडीखाली.

पुढं त्यांचा गोलकीपर, एकटा,
हातमोजे अजून काढले नाहीत.
वळला. "ताशावाला ना तू?"
मी गप्प. घसा तसाही बसलेला.
"शेवटी पार भसाडा वाजला," म्हणाला,
"पण पहिल्या हाफात माझेच पाय ठेका धरत होते."

खाली मुळा, तिचा नेहमीचा वास.
पलीकडं, तिसऱ्या मजल्यावर,
सकाळी विझवायला विसरलेला
माझा दिवा.