वाटे घालणाऱ्याचं म्हणणं

तळाशीलला आमच्या रापणीचे दोर दोन.
दक्षिणेचा पंखेवाल्यांकडे, उत्तरेचा छत्रीवाल्यांकडे.
असं कोणी ठरवलं नव्हतं.
गेल्या पंचायतीला लवू मेथर आणि बाबल तारी
एकाच दोरावर भांडले, दोर ढिला पडला,
निम्मे पेडवे आल्या वाटेने परत गेले.
तेव्हापासून हे असं.

मी कुठल्याच दोरावर नाही.
उजवा खांदा होडी आणि ओंडक्याच्या मध्ये सापडला,
त्या सालापासून वाळूत बसून वाटे घालतो.
वाटे घालणाऱ्याला कोणी पक्ष विचारत नाही.
त्याची पाठ वळली की ठरवतात.

आज होडी जाळं सोडून आली
आणि दोरांबरोबर तोंडं सुरू झाली.

"काय रे बाबल, छत्री उघडलंस ती? पाऊस खंय पडता?"
"तुमचो पंखो तरी खंय फिरता? लाईट गेली काय थांबलो."
"वारो इलो काय तुमची छत्री उलटी!"
"उलटी झाली तरी दांडो आमच्या हातात.
तुमच्या पंख्याचो रेग्युलेटर मुंबयत!"

छत्रीवाले म्हणजे, पंखेवाल्यांच्या मते,
सभेला जातात ते बिर्याणीसाठी,
दारात मोटारसायकली तीन, पेट्रोल एकीतही नाही,
ते सभेच्या दिवशीच भरून मिळतं.
पंखेवाले म्हणजे, छत्रीवाल्यांच्या मते,
एकाच जेटीचं सतरा वर्षं भूमिपूजन करणारे.
जेटी नाही, पण नारळ दरवेळी नवा,
आणि फुटलेली भकलं पिशवीत घालून
घरी नेतात, सोलकढीला.

मी दोघांकडे जेवलोय.
बिर्याणी कोरडी होती.
सोलकढी बरी.

जाळं जवळ येतं तशी
दोन्ही दोरांवरची माणसं एकमेकांकडे सरकतात.
शंभर पावलांवरून दिलेली शिवी
दहा पावलांवर नुसतं बोलणं होते.
त्यात लवूची मुलगी बाबलच्या पुतण्याला दिलेली.
कोणीतरी म्हणालं, जावई काय म्हणता?
दोघेही खाली दोराकडे बघू लागले.
जावई तिसऱ्याच पक्षात आहे.

मग जाळं जड लागलं.
"घोळ असतली!" लवू ओरडला.
"हळू, मेल्यांनो, हळू!" बाबल. आणि खरंच
दोन्ही दोर एका दमात आले, बऱ्याच दिवसांनी.

निघाले दोन पाट्या पेडवे,
हाताला खाज आणणारी झार,
आणि घडी पडलेला एक फ्लेक्स.
उलगडला. बारा बाय आठ.
हात जोडलेले साहेब. हनुवटी समुद्राने खाल्लेली,
हसू शाबूत.
खाली निशाणी: पंखा.

साहेब गेल्या शिमग्यापासून छत्रीत आहेत.

"ह्यो तुमचो," बाबल हळूच म्हणाला.
"आता तुमचो," लवू.
"फोटो तुमचो ना?"
"माणूस तुमचो."
"आमी खंय मागलेलो?"
"मगे आमी काय इकलेलो?"

पाटी घेऊन थांबलेली सुगंधा कोळंबकर म्हणाली,
"कोणाक नको तर माका देवा.
पाटयेर झाकूक होतलो."
त्याबरोबर दोघांनाही तो हवासा वाटला.
कापड जाड होतं. जाळ्यांवर घालायला चांगलं.

ऊन चढत होतं. मी फ्लेक्स वाळूवर पसरला
आणि त्याच्यावरच वाटे घालायला घेतले.
कपाळावर लवूचा, डाव्या खांद्यावर बाबलचा,
जोडलेल्या हातांवर होडीचा,
म्हाताऱ्या भागीचा कानापाशी, थोडा जास्त,
तिचा माणूस गेल्या आठवड्यात गेला.
पंख्यावर झारीतून निवडलेले चार लेपे.
साहेब दिसेनासे झाले.

हात धुवायला पाण्याकडे गेलो.
मागून लवू म्हणाला, "बाबलचो वाटो बघ मरे कसो मोठो.
तो तेंचोच."
आणि बाबल, त्याच वेळी, दुसऱ्या बाजूला,
"कपाळ लवूक दिल्यान. मी कदीपासून सांगतंय,
तो तेंचोच."

लाट आली, चप्पल घेऊन गेली.
एकच. डावी.