विनंती विशेष

आमचा ढग जमिनीवर आहे.
महाप्याला, पारसिकच्या पायथ्याशी,
औषध कंपनीच्या एका जुन्या गोदामात.
कोपऱ्यात अजून खोकल्याच्या औषधाचा वास येतो.
यंत्रांच्या अकरा रांगा, बाराव्या रांगेचे नुसते सांगाडे.
मी रात्रपाळीला. काम : आलेख बघणे,
गारवा बावीसवरून ढळू न देणे.

दोन वर्षं बारावी रांग तशीच.
विक्रीची माणसं बेलापूरला गेली, वाशीला गेली,
बिस्किटं खाऊन परत आली.
मग कारखानीस मॅडम म्हणाल्या, दार उघडू.
दारावर पाटी लावू : कसं मागायचं, काय मिळेल,
आणि नाही मिळालं तर का नाही.
"फुकट?" अकाउंटचे टिपणीस.
"महिन्याला पहिल्या दहा हजार विनंत्या."
"आणि पुढे?"
"पुढे येऊ तर देत कुणी."

विनंती.
माझे वडील ठाण्याच्या पोस्टात पत्रं निवडायचे.
घरी लिहायला बसले की आधी सा. न., मग वि. वि.,
मग जे काय मागायचं ते, दीड ओळीत.
यंत्रंही तसंच लिहितात :
कोण, कुठून, हातात किल्ली कोणती,
मग मागणं.
दोनशे म्हणजे मिळालं.
चारशे चार म्हणजे या पत्त्यावर कोणी राहत नाही.
फक्त शेवटी 'लोभ असावा' नसतं.

पहिलं पत्र मागणं नव्हतंच.
रबाळ्याहून, रात्री दोन चाळीसला, कुणी इरफान मुकादम :
"पान सात, ओळ चार. दिवस आणि महिना उलटे पडलेत.
माझे तीन दिवस गेले. दुसऱ्याचे जाऊ नयेत म्हणून कळवतो."
चूक आमची, पगार आमचा, जागरण त्याचं.
सकाळी मॅडमनी ओळ बदलली, खाली त्याचं नाव घातलं.
नाव दिसलं म्हणून आणखी तिघं आले,
तिघांनी पान नऊही फाडून काढलं.

मग दर दुसऱ्या शनिवारी कोपरखैरण्याचा एक हॉल,
लग्नाच्या खुर्च्या, एकच एक्स्टेन्शन बोर्ड, गार साबुदाणा वडे.
घणसोलीच्या हेमांगी मढवी, औषधांचं दुकान,
त्यांना इन्सुलिनचा फ्रिज रात्री बोलता हवा होता.
दिवागावचा हर्षल वैती, त्याला खाडीचं पाणी
जेट्टीगणिक, बोटभर अचूक.
कुणी कुणाचं नोकर नव्हतं,
तरी एकमेकांच्या पडद्यावर बोट ठेवून भांडायचे
घरचं भांडावं तसे.

आश्विनातली अमावास्या. पावणेबारा.
आलेख उठला तो थेट छतापर्यंत.
हल्ला, म्हटलं. फोन उचलला, ठेवला.
दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. रात्री पुन्हा,
पाऊण तास उशिरा.
तिसऱ्या रात्री आणखी पाऊण तास.
चोर इतक्या शिस्तीत उशीर करत नाही.

वैतीला उठवलं. जागाच होता.
"उधाण आहे, दादा. अष्टमीला भांग लागेल, तेव्हा उतरेल."
"नऊ होड्या म्हणाला होतास!"
"नऊच होत्या. लिहिलेलं उघडं ठेवलं.
करंजावाल्यांनी उचललं, मुरूडवाल्यांनी त्यात वारा घातला.
आता किती, मलाच माहीत नाही."
मी मोजलं. चार हजार तीनशे.
त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही.

कार्तिकात बाराव्या रांगेत यंत्रं बसली.
मुरूडच्या सोसायटीने पहिलं बिल भरलं,
टिपणिसांनी रक्कम दोनदा वाचली
आणि दाराबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

त्या रात्री मी एक आगाऊपणा केला.
मॅडमना विचारलं नाही.
प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर, जिथे माणसं बघत नाहीत,
एक ओळ घातली : लोभ असावा.

दोन चाळीसला मुकादम :
"उत्तरात एक जास्तीची ओळ येतेय.
चूक असेल तर काढा.
नसेल, तर पान सातवर लिहून ठेवा."