मोडीतला खलिता

कॅजविथला अजून होड्या दोर लावून वाळूवर ओढतात.
त्यांच्या वर, कड्याच्या गवतात,
ट्रेगार्थन घराण्याची तबकडी,
शनीकडे कान करून बसलेली
एखाद्या बहिऱ्या सासूसारखी.

मी तिथली चिटणीस. आडनावानंही तीच.
थॉर्नबींच्या हेरांनी आमच्या अकरा सांकेतिक लिप्या फोडल्या,
तेव्हा मॉर्वेना बाईसाहेबांना कुणीसं सांगितलं:
हेल्स्टनच्या वाचनालयात एक बाई आहे,
तिला मोडी येते.

ज्या लिपीत माझ्या खापरपणजोबांनी
भाताच्या खंड्या मोजल्या
तिच्यात मी बर्फ मोजू लागले.
कुठल्या कड्यातलं किती पाणी कुणाच्या वाट्याचं,
कुठल्या चंद्रावरचा किल्लेदार फितूर,
कुठल्या मेव्हण्याचं तोंड कशानं बंद केलं.
पलीकडे वाचायला डेन्झिल होता.
इथल्याच खेकडेवाल्या बाईचा मुलगा.
मीच शिकवलेला. र आणि न मध्ये गोंधळायचा.

मार्चमधली रात्र. पत्रे थडथडत होते.
बाईसाहेब कुत्रं फिरवून आल्या, बूट ओले.
थॉर्नबींचा धाकटा, ऑस्विन, वय वर्षं नऊ,
आमच्या बर्फवाहू जहाजावर ओलीस होता.
"तह मोडला त्यांनी," त्या म्हणाल्या.
मग कुत्र्याचे कान पुसता पुसता
इंग्रजीत एकच शब्द.
त्याचं मराठी मी करायचं:
मुलास मारावे.

आता ती एका अक्षराची गोष्ट
आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.
पुण्यात ध चा मा झाला होता.
मी मा चा ध केला.
शौर्य वगैरे काही नाही,
बोटं गार पडली होती,
आणि बाईसाहेबांना मोडी येत नव्हती.

एकोणऐंशी मिनिटं जायला,
एकोणऐंशी यायला.
मधल्या वेळात मी चहा केला, प्यायले नाही,
कप विसळून ठेवला, परत चहा केला.
उजाडायच्या आत उत्तर उतरलं:
मुलास धरले आहे. पुढील आज्ञा?

बाईसाहेब बराच वेळ खिडकीशी.
मग म्हणाल्या, "पोरानं चुकीचं वाचलं."
मी म्हणू शकले असते.
खोलीत आम्ही दोघी आणि कुत्रं.
मी म्हणू शकले असते.

डेन्झिलला त्यांनी
हवेच्या नळीशिवाय दाराबाहेर उभं केलं.
तो हुकूम मी लिहिला नाही,
तोवर त्यांनी दुसरी लिपी शोधली होती.
मुलगा त्या गडबडीत निसटला, की कुणी निसटू दिला,
याच्या तीन हकिकती आहेत, तिन्ही त्याच्याच माणसांच्या.

ऑस्विन मोठा झाला. सतरा वर्षांनी
त्यानं आमचे चार चंद्र जाळले.
तबकडीत रात्रभर नुसती खरखर,
आणि सकाळी हेल्स्टनच्या चौकात नावांची यादी,
पावसात लगदा झालेली.
मी मोजायला बसते कधी कधी.
एका ध ची किंमत.
हिशेब लागत नाही, आणि हिशेब तर आमच्या रक्तात.

तह झाला, तेव्हा तो इथे आला.
कानामागे टक्कल पडलेला, सर्दी झालेला माणूस.
खिशातून तो खलिता काढला, घड्यांवर विरलेला.
म्हणाला, "वाचून दाखवा. ही कुणी वाचत नाही."
मी वाचलं: धरावे.
"म्हणजे कैद करावे?"
तेही, मी म्हटलं. हात धरतात, तेही.
पाऊस धरतो. झाड फळ धरतं.
एखाद्यावर राग धरतात.
तो नाक पुसत म्हणाला, "मग ज्यानं चुकीचं वाचलं, त्याचं नाव काय?"

खाली धक्क्यावर त्याची आई अजून खेकडे विकते.
मी तिच्याकडूनच घेते, दर शुक्रवारी,
नको असले तरी.
सुटे पैसे परत घेत नाही.
तिला वाटतं, मला हिशेब येत नाही.