मेण

चोपड्याच्या बाजारात डिंक तोलतो मी.
सातपुड्यातून उतरलेली रुमली पावरा
टोपली टेकवते, विचारते,
"भाऊ, काटा बराबर शे ना?"

बराबर शे. कालपासून.
वजनांच्या पारड्याखालचं मेण खरवडलं
ते धरम-बिरम आठवून नाही;
तिनं भाऊ म्हटलं की
मान वर करता यावी,
एवढी एक हाव होती म्हणून.

हावच मेण लावायला शिकवते,
तीच नखानं काढायलाही.
मग परवा एखादा आंधळा म्हातारा आला,
नुसती टोपली पुढे सरकवून गप्प बसला,
आणि माझ्या हावेला त्याच्याकडून
काहीच नको असलं,
तर?

मेण फेकलेलं नाही अजून.
गल्ल्यात आहे, चिल्लरीखाली.
इथल्या चैत्रात ते
घट्ट होतच नाही.