आकस्मिक खर्च

पोर्टल पाचला बंद होणार
आणि कुलसचिव अजून जेवणातून उठलेले नाहीत.
मे महिना. सेहेचाळीस अंश. कूलरच्या वाळ्यातून
वास येतो, वारा येत नाही.
डोनारकर बाबू म्हणतात, बसा जी मॅडम,
शिक्का कुठं पळून चालला?

शिक्का पळत नाही. तेवढंच खरं.

रकाना सात : प्रस्तावित संशोधनाचा समाजाला उपयोग.
मर्यादा तीनशे शब्द.
मी लिहिते : नाग नदी.
खोडते. या शहरात तिला नदी म्हटलं
की माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग रुमाल काढतात.
लिहिते : शहरी जलप्रवाह.
त्याच्या तळाशी, मोक्षधामाच्या मागे,
पुढे थेट पारडीच्या पुलापर्यंत,
केसाएवढे लाल जंत
डोकं गाळात खुपसून, शेपूट वर काढून
हलवत राहतात रात्रंदिवस,
जिथं प्राणवायू जवळजवळ नाहीच, तिथून
उरलासुरला ओढून घेत.
घाण खातात. मागे टाकतात तो गाळ
थोडा कमी घाण असावा, असं मला वाटतं.
किती कमी, ते मोजायचंय.
एवढंच. अठरा लाख चाळीस हजारांत.

मागच्या खेपेला शेरा होता :
'विषय स्थानिक स्वरूपाचा.'
परीक्षकाचं नाव कळत नाही. मी बरेच दिवस
त्याच्या गावच्या नदीचा विचार करत होते,
ती कुठून कुठे वाहत असेल.
त्याआधीच्या खेपेला : 'व्याप्ती फार मोठी.'
म्हणून यंदा सोळा किलोमीटरची नदी
अकरावर आणली,
आणि जंतांच्या जागी
लॅटिन नाव, तिरप्या टायपात.

तुळशीराम मडावी दारात उभा.
हातात सकाळची बाटली, ठिकाण क्रमांक चार,
झाकणावर त्याच्या अक्षरात तारीख.
एकोणीस वर्षं रोजंदारीवर.
कुठल्या वारी कुठल्या नाल्यातून कसला रंग उतरतो,
ढग आले की जंत किती खोल जातात,
हे त्याला विचारून मग मी आलेख काढते.

'मनुष्यबळ'मध्ये मी त्याला शोधते.
प्रकल्प सहायक : पदव्युत्तर, वय अठ्ठावीसपर्यंत.
क्षेत्र सहायक : बारावी, विज्ञान.
तो सातवी. चौपन्न.
शोधनिबंधात शेवटच्या ओळीत त्याचे आभार मानते,
संपादक जागेअभावी
नेमकी तीच ओळ कापतात.

'काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या, मॅडम?
नाही भेटले पैसे, तर नदी का थांबते?'

नाही थांबत. पण तू?
हे मी विचारत नाही.
बाटली घेते, फ्रीजमध्ये ठेवते.

चार अठ्ठेचाळीस. शिक्का मिळाला, जांभळा, तिरका.
'प्राणिशास्त्र'मधला 'प्रा' उमटलाच नाही.
'णिशास्त्र विभागा'तर्फे अर्ज चढवला.
लाइट गेली. आली.
गोल चक्र फिरतंय, फिरतंय,
डोनारकर बाबू माझ्या खांद्यामागे उभे,
त्यांच्याच घरचं लग्न ठरत असल्यासारखे.
चार छप्पन. पोचपावती, सतरा आकडी.

ऑक्टोबरात पत्र आलं. नकार नव्हता, होकारही.
'आकस्मिक खर्चातील प्रत्येक बाबीचे समर्थन
पन्नास शब्दांत सादर करावे.'

काचसामान, लिहिलं. छपाई, टपाल, लिहिलं.
त्यांच्या मधोमध मीच मे महिन्यात
घाईघाईत घुसवलेली ओळ :
गमबूट, एक जोड, नऊ नंबर.

समर्थन : गाळात काचा असतात.
तीन शब्द झाले.
सत्तेचाळीस उरलेत,
आणि मडावी म्हणतो, माझा पाय आठचा आहे जी,
तुम्ही कधी विचारलंच नाही.